जुन्या कोटाचं वय लेबलवरून काढताय? मग या चुका टाळा

सोलापूरच्या उन्हात कोट घालतंय कोण, असं बाहेरगावचे लोक विचारतात. पण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, मिलच्या क्वार्टरमधून आलेल्या ट्रंकांत, वकील-डॉक्टर-रेल्वेवाल्यांच्या माळ्यावर जे कोट निघतात ते बघून खरंच थक्क व्हायला होतं. थंडी इथं जेमतेम महिना-दीड महिना, त्यामुळे कोट अंगावर कमी आणि डांबरगोळ्यांत जास्त राहिला, आणि म्हणूनच आतलं लेबल आजही नीट वाचता येतं. त्यात आता अमेरिका-लंडनला असलेल्या पोरांनी तिकडच्या थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून, आणलेल्या कोटांची भर पडलीय. मग फोटो येतो आणि खाली प्रश्न, "काय ओ, हे किती सालचं असंल?" आणि बऱ्याचदा उत्तर पण आधीच ठरलेलं असतंय, कारण लेबलवरच्या दुकानाचं नाव सर्च करून झालेलं असतंय आणि पहिलं जे साल दिसलं ते कोटाला चिकटवून झालेलं असतंय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्सपोर्टच्या लेबलांचं काम बघतो, म्हणजे कुठल्या देशाच्या मालावर काय लिहायचं, कुठला नंबर टाकायचा, लेबल कुठल्या शिवणीत घालायचं, हे आमचं रोजचंच. त्यामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय: लेबलं रोलने येतात, ढिगाने येतात, आणि उरलेला रोल पुढच्या ऑर्डरला वापरला जातो. लेबल कधी डिझाइन झालं, कधी विणून आलं आणि कधी कपड्याला लागलं या तीन वेगळ्या तारखा आहेत. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही असंच चालायचं.

म्हणून लेबलवरून एक नेमकं साल काढायचा हट्टच धरू नका. लेबलवरची प्रत्येक खूण दोनपैकी एकच गोष्ट सांगते, "हा कोट याच्या आधीचा असू शकत नाही" किंवा "हा कोट याच्या फार नंतरचा नसावा". अशा खुणा जमवत गेलं की दोन टोकं मिळतात आणि त्या दोन टोकांच्या मधली वर्षं म्हणजे तुमचं उत्तर. आणि भांडण झालं तर मूळच्या खुणांपैकी जी सगळ्यात नवी तिचं ऐकायचं, दहा खुणा १९४०च्या असल्या आणि एक खूण १९६४ची असली तर कोट १९६४च्या आधीचा नाही, विषय संपला.

स्थापनेचं साल म्हणजे कोटाचं साल नाही

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. लेबलवर लंडनच्या हॅरॉड्स दुकानाचं नाव लिहिलंय, सर्च केलं, १८४९ आलं, झाला कोट पावणेदोनशे वर्षांचा. अहो हॅरॉड्स आजही चालू आहे, मागच्या हिवाळ्यातला कोट पण हॅरॉड्सचा असू शकतो. शिकागोचं मार्शल फील्ड १८५२ पासूनचं, पण त्या नावाची दुकानं २००६ पर्यंत चालू होती, तेव्हा कुठं त्यांचं नाव बदलून मेसीज झालं. म्हणजे नुसत्या नावावरून दीडशे वर्षांचा पट्टा मिळतो, त्याचा काय उपयोग?

इथं दुकान सुरू कधी झालं यापेक्षा बंद कधी झालं हे जास्त कामाचं असतंय. न्यूयॉर्कचं गिंबल्स १९८७ ला बंद झालं, लंडनचं डेरी अँड टॉम्स १९७३ ला, स्वॉन अँड एडगर १९८२ ला. लेबल यातलं असलं की एक टोक तरी हातात आलं. दुसरं बघायचं ते नावाचं रूप आणि शाखांची गावं. सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यूचं न्यूयॉर्कचं दुकान १९२४ चं आहे, पण लेबलवर बेव्हर्ली हिल्स पण लिहिलेलं असलं तर कोट १९३८ च्या आधीचा नाही, कारण तिथली शाखाच तेव्हा उघडली. बर्बरी हे काही डिपार्टमेंट स्टोअर नाही, पण फोटो त्याचेच जास्त येतात म्हणून सांगतो: लेबलवर शेवटी एस असलेलं 'बर्बरीज' असलं तर साधारण १९९९ च्या आधीचं, नुसतं 'बर्बरी' असलं आणि डिझाइन नवं असलं तर नंतरचं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एका काकांनी आजोबांचा ओव्हरकोट दाखवला, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की हा पहिल्या महायुद्धातला कोट, आजोबा फौजेत होते. कोट झकास, जाड लोकर, काळपट निळा, कॉलरच्या खाली विणलेलं लेबल, अक्षरं सोनेरी-पिवळी. लेबलवर आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड, बॉम्बे. या कंपनीने मुंबईत १८९१ ला दुकान उघडलं, काळा घोड्याजवळ ती इमारत आजही उभी आहे. काकांनी १८९१ वाचलं आणि १९१४ त्यात आरामात बसतंय असं धरलं. पण कंपनीचं अधिकृत नाव १९३४ पर्यंत आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी होतं, स्टोअर्स लिमिटेड हे नंतरचं. लोक बोलताना आधीपासूनच स्टोअर्स म्हणायचे, पण विणलेल्या लेबलवर पूर्ण 'स्टोअर्स लिमिटेड' असलं की १९३४ नंतरच धरायला पाहिजे. म्हणजे पहिल्या महायुद्धाशी त्या कोटाचा संबंध लागत नाही. काका थोडे हिरमुसले, पण आजोबा फौजेत होते ही गोष्ट खोटी ठरत नाही ना, फक्त तो कोट नंतर घेतलेला आहे. घरातली आठवण आणि घरातली वस्तू नेहमी एकाच वर्षाच्या असतात असं नाही. आठवण लिहून ठेवाच, फक्त पुरावा म्हणून लेबलच्या वर बसवू नका.

लेबल कुणाचं आहे तेच न बघणं

ही चूक परदेशी लोकांच्या लिखाणात फारशी सापडणार नाही, पण आपल्याकडे हीच खरी घोळ घालते. भारतात कोट बहुतेक वेळा रेडीमेड नव्हताच, कापड घेतलं आणि शिंप्याकडं शिवला. आणि भारी कापड घेतलं की कापडवाल्याकडून मिलचं लेबल मिळायचं, शिंपी ते आतल्या खिशाच्या वर किंवा कॉलरखाली लावून द्यायचा. रेमंडचं लेबल असं लावलेलं तुम्ही स्वतः बघितलं असंल. तसंच इंग्लंडच्या कापडाचं. मग आज कोट उघडला की दिसतं मेड इन इंग्लंड, आणि घरात सगळे म्हणतात आजोबांनी लंडनहून आणला. आला असंल हो, पण बहुतेक वेळा लंडनहून फक्त कापड आलेलं असतंय आणि कोट शिवलाय इथंच, नवी पेठेत किंवा मुंबई-पुण्यात.

म्हणून आधी ठरवा: हे लेबल कापडाचं, दुकानाचं की शिंप्याचं? लेबलवर वर्स्टेड, प्युअर वूल, मोहेअर असं कापडाचं वर्णन आणि मिलचं गाव, म्हणजे हडर्सफील्ड वगैरे असलं तर ते कापडाचं. दुकानाच्या लेबलवर दुकानाचं नाव, रस्ता, शहर. शिंप्याचं लेबल बऱ्याचदा दिसतच नाही, ते आतल्या छातीच्या खिशाच्या आत असतंय, खिसा उलटा करून बघावा लागतो. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांसाठी प्रसिद्ध रस्त्यावरच्या शिंप्यांची तर पद्धतच आहे, खिशाच्या आत लेबलवर गिऱ्हाइकाचं नाव, ऑर्डर नंबर आणि तारीख हाताने लिहायची. असं लेबल मिळालं तर सरळ तारीखच मिळाली, बाकी सगळी मेहनत वाचली. तरी दहातले नऊ जण खिसा उलटा करतच नाहीत, कॉलरचा फोटो काढतात आणि पाठवतात. खिसा उलटा करा, प्लीज.

कापडाचं लेबल पण तारखेला मदत करतं बरं का. डोर्मुई कंपनीचं टॉनिक नावाचं मोहेअरचं कापड १९५७ ला बाजारात आलं. तेव्हा टॉनिक लिहिलेला कोट "स्वातंत्र्याच्या आधीचा" म्हणून कुणी विकत असंल तर तो विषय तिथंच थांबवा.

आणखी एक, जुन्या स्पेलिंगवर भाळू नका. इंग्रजीत शोलापूर, कॉनपोर, बॉम्बे अशी जुनी स्पेलिंगं दिसली की लोक लगेच ब्रिटिश काळ म्हणतात. कानपूरचं स्पेलिंग १९४८ ला बदललं, पण कॉनपोर वूलन मिल्स हे नाव गिरणीने पुढंही ठेवलं. आपल्या गावाचं शोलापूर स्पेलिंग पण पाट्यांवर किती तरी वर्षं तसंच राहिलं. नाव बदललं की दुसऱ्या दिवशी लेबलं बदलत नाहीत. उलट्या बाजूने मात्र हा नियम चालतो, लेबलवर मुंबई असं नवं इंग्रजी स्पेलिंग असलं तर १९९५ च्या आधीचं जवळपास अशक्य.

नंबर दिसला की हिशोब करायची घाई

अमेरिकन कोटात आरएन आणि पुढं आकडा असतो. आमच्या टॉवेलवर पण असतो, अमेरिकेला माल जायचा तर कापड कशाचं, कुठल्या देशात बनलं आणि जबाबदार कंपनी कोण हे लेबलवर लागतंच, आणि कंपनीच्या पूर्ण नावाऐवजी हा रजिस्टर नंबर चालतो. हा नंबर कंपनीचा असतो, कपड्याचा नाही. एकदा मिळाला की कंपनी तो वर्षानुवर्षं वापरते. १९६५ ला मिळालेला नंबर १९९० च्या कोटावर असू शकतो.

पण नेटवर एक फॉर्म्युला फिरतोय, नंबरातून १३६७० वजा करा, २६३५ ने भागा, त्यात १९५९ मिळवा, आलं साल. हे गणित फार तर नंबर साधारण कधी दिला गेला याचा अंदाज देतं, कोट कधी शिवला याचा नाही, आणि लोक ते उत्तर कोटाच्या कपाळावर लिहून मोकळे होतात. आलेल्या सालाला फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच समजा. १३६७० हा आकडा कुठून आला तर, १९५९ पासून नवी मालिका तिथून सुरू झाली. त्याआधी लोकरीच्या मालाला डब्ल्यूपीएल नंबर असायचे, १९४१ ते १९५९ या काळात दिलेले. कोटावर डब्ल्यूपीएल दिसला की लोक १९४० चं दशक म्हणून नाचतात, पण ज्या कंपन्यांकडे ते नंबर होते त्या पुढंही तेच वापरत राहिल्या. खालचं टोक १९४१, वरचं टोक उघडं.

त्यापेक्षा लेबलवरची भाषा वाचा, ती जास्त बोलते. अमेरिकेत लोकरीच्या कायद्यामुळे १९४१ पासून लोकर किती टक्के ते लिहावं लागायचं आणि जुन्या लोकरीला रीप्रोसेस्ड वूल किंवा रीयूज्ड वूल म्हणावं लागायचं. १९८० च्या दुरुस्तीत हे शब्द गेले आणि रीसायकल्ड आलं. म्हणजे अस्तराजवळच्या छोट्या लेबलवर रीप्रोसेस्ड वूल दिसलं की कोट १९४१ ते १९८० च्या आसपासचा, किती सोपं! बाकी धाग्यांची टक्केवारी, म्हणजे अमुक टक्के नायलॉन, तमुक टक्के रेयॉन अशी सगळ्या कपड्यांवर सक्तीने आली ती १९६० पासून. धुण्याच्या सूचनांचं कायमचं शिवलेलं लेबल १९७२ पासून. वूलमार्कचं ते लोकरीच्या लडीसारखं चिन्ह १९६४ ला आलं, ते जिथं असंल तिथं त्याच्या आधीचा प्रश्नच नाही. आणि गोलातला आर, रजिस्टर्ड ट्रेडमार्कचा, अमेरिकन लेबलवर असला तर १९४६ च्या कायद्यानंतरचं.

युनियनचं लेबल: साल छापलंय म्हणून फसू नका

अमेरिकन कोटात दुकानाच्या लेबलशिवाय एक छोटं लेबल वेगळंच शिवलेलं असतंय, कामगार युनियनचं. ते शोधायला वेळ लागतो, बाईच्या कोटात अस्तराच्या बाजूच्या शिवणीत, पुरुषाच्या कोटात बऱ्याचदा आतल्या खिशात खोल. पण दुकानाच्या लेबलपेक्षा हे भारी, कारण दुकान आपलं लेबल तीस-तीस वर्षं बदलत नाही आणि युनियनचं डिझाइन ठराविक वर्षांनी बदललेलं आहे.

पुरुषांच्या कोटात अमलगमेटेड क्लोदिंग वर्कर्स ऑफ अमेरिका. या लेबलवर बारीक अक्षरात साल असतं, १९३९, १९४९ किंवा १९६२. भिंगातून १९४९ दिसलं की माणूस खूश, कोट १९४९ चा! तसं नाही. ते साल त्या लेबलच्या डिझाइनच्या कॉपीराइटचं आहे, १९४९ चं डिझाइन पुढचं १९६२ चं येईपर्यंत चाललं. म्हणजे १९४९ ते १९६२. १९७६ ला ही युनियन दुसऱ्या युनियनमध्ये मिसळली आणि नाव बदललं, ते वरचं टोक.

बायकांच्या कोटात आयएलजीडब्ल्यूयू, म्हणजे इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन. लेबलवर एएफएल-सीआयओ असलं तर १९५५ नंतरचं, कारण एएफएल आणि सीआयओ या दोन मोठ्या कामगार संघटना तेव्हाच एक झाल्या. लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं लेबल १९७४ पासून, आणि १९९५ ला ही युनियन पण दुसरीत विलीन झाली. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे कोट सुटतात.

अजून एक जोडी लोक नेहमी गोंधळतात. निळ्या गरुडाचं एनआरए, म्हणजे मंदीच्या काळातल्या सरकारी नॅशनल रिकव्हरी अॅडमिनिस्ट्रेशनचं लेबल १९३३ ते १९३५ एवढंच, १९३५ च्या मे महिन्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. पण कोट-सूटवाल्यांचं एक वेगळं रिकव्हरी बोर्ड होतं, त्याचं लेबल १९३० च्या दशकात सुरू झालं ते १९६० च्या दशकापर्यंत चाललं. रिकव्हरी शब्द वाचून दोन्ही एकच समजायचं आणि १९५८ चा कोट मंदीच्या काळातला म्हणून सांगायचा, हे फार होतंय. गरुड आहे का बघा.

इंग्लंडच्या कोटाचं थोडं वेगळं

तिथं सगळ्यात प्रसिद्ध खूण सीसी४१, दोन तोंड उघडी वर्तुळं आणि ४१. दुसऱ्या महायुद्धातल्या युटिलिटी नावाच्या सरकारी काटकसरीच्या योजनेची, १९४१ ते १९५२. लोक ४१ बघून १९४१ म्हणतात, ते चूक, अकरा वर्षांतलं कुठलंही साल असू शकतं. आणि सावध राहा, या चिन्हाची नव्याने बनवलेली लेबलं विकत मिळतात, जुन्या फॅशनचे नवे कपडे शिवणारे ती लावतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण तो कोट तिसऱ्या हातात गेला की खरा म्हणून विकला जातो.

राजघराण्याचं बाय अपॉइंटमेंट, म्हणजे राजघराण्याला माल पुरवणाऱ्या दुकानाला मिळणारा मान, लेबलवर असलं तर कोणाच्या नावाने आहे ते अक्षर-अक्षर वाचा. हिज मॅजेस्टी द किंग असलं तर १९०१ ते १९५२ मधलं (किंवा २०२२ नंतरचं, ते कापडावरून लगेच कळतं), हर मॅजेस्टी द क्वीन म्हणजे बहुतेक १९५२ नंतरचं. पण क्वीन मेरी किंवा क्वीन मदर असं नाव पुढं असलं तर ती राज्य करणारी राणी नव्हे, तिथं हिशोब चुकतो.

पत्त्यातला आकडा पण बघा. लंडनच्या पोस्टल भागांना नंबर मिळाले १९१७ ला, म्हणजे डब्ल्यू १, एसडब्ल्यू १ असं असलं तर त्यानंतरचं. अमेरिकेत झिप कोड १९६३ पासून. आपला सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कामातून आला, त्यामुळे मुंबईच्या दुकानाच्या लेबलवर ४०० ने सुरू होणारा आकडा असला तर कोट त्यानंतरचाच. खिशात किमतीची चिठ्ठी राहिलेली असली तर सोन्याहून पिवळं. रुपये-आणे-पै असलं तर १९५७ च्या एप्रिलच्या आधीचं, नये पैसे असलं तर १९५७ ते १९६४.

पण इथं एक मोठी अट. नंबर आहे याला अर्थ आहे, नंबर नाही याला नाही. लेबलवर झिप कोड नाही म्हणून कोट १९६३ च्या आधीचा, असं ठरवू नका, कारण कोटाच्या लेबलवर बहुतेक दुकानं फक्त दुकानाचं नाव आणि शहर टाकायची. तसंच धुण्याचं लेबल नाही म्हणून १९७२ च्या आधीचा असंही नाही. मानेला टोचतं म्हणून लोकांनी किती लेबलं कापून टाकलीत याला गणती नाही.

हे कसं एकत्र करायचं ते एका कोटावर दाखवतो. एका ताईंच्या भाचीने अमेरिकेतून मरून रंगाचा घेरदार लेडीज कोट आणला, विकणाऱ्याने १९५०चं दशक सांगितलेलं, कारण काय तर घेर. कॉलरखाली गिंबल्सचं लेबल, म्हणजे वरचं टोक १९८७. डाव्या बाजूच्या शिवणीत अस्तर जरा उचललं तर युनियनचं लाल-पांढरं-निळं लेबल, खालचं टोक १९७४. म्हणजे पन्नासचं दशक तिथंच गेलं. मग अस्तराला लावलेली छोटी पट्टी, त्यावर वरचं कापड शंभर टक्के वूल आणि आतल्या थराला रीप्रोसेस्ड वूल. म्हणजे १९८० च्या फार पुढं नाही. धुण्याचं लेबल नव्हतं, पण पट्टीच्या खालीच शिवणीत कापलेल्या टेपची दोन बारीक टोकं अडकलेली होती, पांढरी, नखाएवढी पण नाहीत. कुणीतरी ते लेबल कात्रीने काढलेलं. उत्तर: १९७४ ते १९८०, फार तर एखाद वर्ष पुढं. घेराची फॅशन परत परत येते, लेबलं परत येत नाहीत.

लेबल खरं, पण कोटावर नंतर आलेलं

लेबल बरोबर वाचलं तरी ते या कोटाचंच आहे का? नवं अस्तर घालताना शिंपी जुनं लेबल काढून परत लावतो, ते ठीक, त्यात फसवणूक नाही. पण साध्या कोटाला भारी दुकानाचं लेबल लावून विकणारे पण आहेत. लेबलच्या चारी बाजूचे टाके बघा, दोरा अस्तराच्या बाकी दोऱ्याशी जुळतो का, शेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोकं आहेत का. लेबलची एक कड हळूच उचलून टॉर्च मारा: लेबल पहिल्यापासून तिथं असलं तर त्याच्याखालचं अस्तर बाजूपेक्षा गडद, कमी उडालेलं दिसतं. गडद चौकोन लेबलपेक्षा मोठा किंवा लहान असला तर तिथं आधी दुसरं काहीतरी होतं.

पाठीवर एक लांब सरळ काप आणि त्यावर रफू असला तर त्याचा पण अर्थ असू शकतो. पानिपतला परदेशी जुने लोकरीचे कपडे गाठींनी येतात, धागा परत काढायला, आणि ते चिंधी म्हणून आणायचे तर आधी कापून आणावे लागतात. असा कापलेला कोट कुणीतरी शिवून विकलेला असू शकतो, मग "आमच्या पणजोबांचा" ही गोष्ट परत एकदा तपासा.

दोरा जाळून बघायची पद्धत आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला विचारा, लगेच दाखवंल. आतल्या शिवणीतून अगदी छोटा दोरा काढा, चिमट्यात धरा, कोटापासून लांब जाळा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, लोकर केसासारखी वास मारते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. शिवणीत सगळीकडे पॉलिएस्टर असला तर १९४० वगैरे विसरा, पण एकाच जागचा दोरा काढून ठरवू नका, ती शिवण दुरुस्तीची असू शकते. बटणं आणि चेन यांचंही तसंच, बदलल्या जातात. नायलॉनची चेन मूळची असली तर साधारण १९६० च्या दशकानंतरचं, धातूची चेन मात्र आजही बनते, तिचा पुरावा होत नाही.

लेबल वाचताच येत नाही, तर

धुवू नका. ड्रायक्लीनला पण आधी देऊ नका, खिशातली चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला नंबर, सगळं जाईल. विणलेलं लेबल उडालं असलं तरी मागच्या बाजूला धागे बऱ्यापैकी रंगीत राहतात, कारण तिथं ऊन पोचत नाही. एक कड सुटी असली तर मागून फोटो काढा आणि मोबाइलमध्ये आडवा उलटा करा, अक्षरं सरळ दिसतात. छापलेल्या लेबलला बाजूने तिरका टॉर्च मारा, शाई उडाली तरी कधी कधी तिचा ठसा दिसतो. ओढाताण अजिबात नको, जुनं सॅटिन नुसत्या बोटाने फाटतं.

लेबल पूर्ण गेलेलं असलं तर कॉलरखालच्या भोकांची लांबी-रुंदी मोजून ठेवा, दोन्ही खिसे उलटे करा, बाहीच्या अस्तरात हात घालून चाचपा. युनियनचं लेबल, कापडाची पट्टी किंवा ड्रायक्लीनरने पिनेने लावलेला कागदी नंबर यातलं काही ना काही राहिलेलं असतंय. आणि जे काही सापडंल त्याचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा, एक फोटो लेबलचा जवळून, एक लेबल कोटात कुठं आहे ते दाखवणारा, एक टाक्यांचा. नुसत्या लांबून काढलेल्या कोटाच्या फोटोवरून कुणीच काही सांगू शकत नाही.

विकायला काढत असाल किंवा घरात वहीत नोंद करत असाल तर "१९७४ ते १९८०, गिंबल्स आणि युनियन लेबलवरून" असं कारणासकट लिहा, म्हणजे उद्या कुणाला अजून एखादी खूण सापडली तर त्याला टोकं अजून आवळता येतील.